कोच बदलायचा तर क्लबने आधी काय ठरवायचं? (मुंबई सिटी, ब्रेंटफर्ड, लिव्हरपूल, युनायटेड)

अंधेरी_वेस्ट_स्टँड (धागाकर्ता)

मंडळी, २०२५ च्या डिसेंबरात सिटी फुटबॉल ग्रुपने (मँचेस्टर सिटीचे मालक) आपल्या मुंबई सिटीतला हिस्सा सोडला तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. सगळे पैशाचं बोलतायत, खेळाडू जातील म्हणतायत, ते खरंच आहे. पण मला काळजी वेगळी आहे. उद्या कोच बदलायची वेळ आली तर नवीन माणूस निवडणार कोण आणि कशावरून?

मी २०१४ पासून, म्हणजे इंडियन सुपर लीग सुरू झाल्यापासून, मुंबई सिटीच्या मॅच बघतोय. पहिला पीटर रीड, मग आनेल्का (तो तर खेळाडू पण आणि मॅनेजर पण), मग गिमाराएस, मग जॉर्ज कोस्टा. चार माणसं आणि चार वेगळेच संघ. गिमाराएसच्या वेळी २०१६ ला फोर्लान होता, साखळीत आपण पहिले आलो, पण पुढे त्यातलं काही टिकलं का? प्रत्येक वेळी पाटी कोरी. नवीन कोच येणार, त्याच्या ओळखीचे परदेशी खेळाडू येणार, तो गेला की तेही जाणार.

२०१९ च्या नोव्हेंबरात ग्रुपने ६५ टक्के हिस्सा घेतला आणि पुढच्या वर्षी लोबेरा आला. लोबेरा बार्सिलोनाच्या शाळेतला, म्हणजे मँचेस्टर सिटीत वर बसलेली मंडळी ज्या पद्धतीचा फुटबॉल मानतात त्याच घरातला माणूस. त्याच्या पाठोपाठ गोव्याहून जाहू, फॉल, बुमूस, मंदार आले आणि पहिल्याच सीझनला शील्ड पण (साखळीत पहिला येईल त्याची) आणि ट्रॉफी पण (फायनल जिंकेल त्याची). गोव्यातल्या फातोर्डा स्टेडियमवरच्या फायनलला ९०व्या मिनिटाला बिपिनने मारलेला गोल मी आयुष्यभर विसरणार नाही.

पण मला खरं कौतुक पुढच्याचं आहे. २०२१ च्या ऑक्टोबरात, सीझन महिन्यावर आलेला असताना लोबेरा गेला. आधीची मुंबई असती तर हाहाकार झाला असता. ग्रुपने डेस बकिंगहॅमला आणलं. नाव ऐकून आम्ही सगळे म्हणालो हा कोण? तर हा ग्रुपच्याच मेलबर्न सिटीत असिस्टंट राहिलेला, न्यूझीलंडच्या ऑलिम्पिक संघाबरोबर काम केलेला. पहिल्या सीझनला आपण पाचवे, प्लेऑफ हुकला, तरी त्याला काढलं नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये रियाधला इराकच्या एअर फोर्स क्लबला हरवलं, आशियाई क्लबांच्या एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटात जिंकणारा पहिला भारतीय क्लब. आणि पुढच्या सीझनला सलग १८ मॅच न हरता शील्ड, तीही फातोर्ड्याला ५-३ ने जिंकून.

२०२३ च्या नोव्हेंबरात बकिंगहॅम ऑक्सफर्डला, स्वतःच्या गावच्या क्लबला गेला. परत सीझनच्या मध्यात. आणि परत मेलबर्नहूनच असिस्टंट आला, पेट्र क्रॅटकी. मे २०२४ ला कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर मोहन बागानला ३-१ हरवून ट्रॉफी. तीन कोच, तीन देश, पण संघ ओळखू येत होता.

ओळखू येत होता म्हणजे काय ते सांगतो. २०२२ च्या ऑक्टोबरात आपण अंधेरीला परत आलो तेव्हा माझ्या मागच्या रांगेत एक काका बसायचे. आपला गोलकीपर लाचेन्पाच्या पायात बॉल, समोरून फॉरवर्ड धावत येतोय आणि हा शांतपणे थांबलाय. काका उभे राहून ओरडायचे, "अरे मार ना पुढे, काय खेळतोस!" लाचेन्पा अगदी शेवटच्या क्षणी मेहताबला द्यायचा, मेहताब जाहूला, आणि आलेला फॉरवर्ड मागे राहायचा. जानेवारीपर्यंत काकांचं ओरडणं बंद झालं, उलट शेजारच्याला समजावायला लागले की थांब, त्याला मुद्दाम जवळ येऊ देतोय. क्रॅटकी आला तरी हेच. हे एका कोचचं काम नव्हतं. वर कोणीतरी ठरवलं होतं की मुंबई असं खेळणार, आणि त्यात बसेल असा माणूस शोधला जात होता.

आता ते वरचे गेले. म्हणून विचारतोय, बाकीचे क्लब हे कसं करतात? ज्यांना जे माहीत आहे ते लिहा, सविस्तर लिहा.

---

नवखा_प्रेक्षक

छान धागा. एक बेसिक प्रश्न, हेड कोच आणि मॅनेजर एकच ना? की फरक आहे?

---

हाउन्स्लोकर

@नवखा_प्रेक्षक, फरक आहे आणि या धाग्याचा अर्धा जीव त्याच फरकात आहे. जुना इंग्लिश मॅनेजर म्हणजे सगळंच तो. कोण विकत घ्यायचा, कोणाला विकायचं, पगार किती, पोरांच्या अकॅडमीत काय चाललंय, फिजिओ कोण, सगळ्यावर त्याची सही. हेड कोच म्हणजे पहिल्या संघाचं ट्रेनिंग आणि मॅच, बस. खरेदी-विक्री, आकडेमोड, अकॅडमी हे स्पोर्टिंग डायरेक्टर आणि त्याच्या टीमकडे, अर्थात कोचला विचारून.

मी लंडनच्या पश्चिमेला राहतो, ब्रेंटफर्डचं जुनं मैदान ग्रिफिन पार्क माझ्या घरापासून बसने पंधरा मिनिटं. चारही कोपऱ्यांवर पब असलेलं मैदान, आता तिथे घरं झाली. तर ब्रेंटफर्डची गोष्ट सांगतो कारण धागाकर्त्याने जे विचारलंय ते यांनी चुका करत करत शिकलंय.

मालक मॅथ्यू बेनहॅम, याच क्लबचा लहानपणापासूनचा चाहता, बेटिंगच्या आकडेमोडीच्या धंद्यातून पैसा कमावलेला माणूस. २०१५ च्या फेब्रुवारीत संघ चॅम्पियनशिपमध्ये (इंग्लंडची दुसऱ्या नंबरची डिव्हिजन) वर होता, मॅनेजर मार्क वॉरबर्टन लोकांच्या गळ्यातला ताईत. आणि क्लबने जाहीर केलं की सीझन संपल्यावर वॉरबर्टन जाणार, कारण पुढे आम्ही हेड कोच आणि वर स्पोर्टिंग डायरेक्टर अशा रचनेने चालणार आणि खेळाडू निवडताना आकडेशास्त्राचं वजन जास्त असणार, त्याला ते पटत नव्हतं. लोक जाम चिडले. जिंकत असलेल्या माणसाला कोण काढतं? पण बघा, भांडण माणसाशी नव्हतंच, खुर्चीच्या आकाराबद्दल होतं.

आणि त्याच्या जागी जो आणला, डायकहाउझेन, तो नऊ मॅचमध्ये गेला! म्हणजे रचना ठरली म्हणून माणूस आपोआप बरोबर मिळतो असं नाही हे पण लक्षात घ्या. मग डीन स्मिथ आला, तो बसला. २०१८ च्या ऑक्टोबरात स्मिथला ॲस्टन व्हिलाने नेलं तेव्हा बाहेर शोधत बसले नाहीत, त्याचाच असिस्टंट थॉमस फ्रँक याला वर घेतलं. फ्रँक पहिल्या १० पैकी ८ मॅच हरला. आठ! इथे कुठलाही दुसरा क्लब असता तर ख्रिसमसच्या आत त्याचं सामान बाहेर. बेनहॅमच्या लोकांचं म्हणणं असं की निकाल बघू नका, संघ किती आणि कुठून संधी तयार करतोय, समोरच्याला किती देतोय ते बघा. ते आकडे त्यांना हरणाऱ्या संघाचे वाटत नव्हते. ठेवला. २९ मे २०२१ ला वेम्बलीवर स्वॉन्झीला २-० हरवून ७४ वर्षांनी वरच्या डिव्हिजनला. माझा शेजारी, सत्तरीच्या पुढचा माणूस, रस्त्यात उभा राहून रडत होता, त्याच्या वडिलांनी त्याला त्या आधीच्या दिवसांच्या गोष्टी सांगितलेल्या.

मग २०२५ च्या जूनमध्ये फ्रँक टॉटनमला गेला. आणि यांनी कोणाला केलं हेड कोच? सेट-पीसचा कोच कीथ अँड्र्यूज. म्हणजे कॉर्नर, फ्रीकिक, लांब थ्रो बसवणारा माणूस, ज्याने कधी एका क्लबचा हेड कोच म्हणून एक मॅच सांभाळली नव्हती. त्याच उन्हाळ्यात एमब्यूमो गेला, विसा गेला, कॅप्टन नोरगार्ड गेला, गोलकीपर फ्लेकन गेला. टीव्हीवर सगळे म्हणाले यंदा खालच्या डिव्हिजनला जाणार. पहिलीच मॅच फॉरेस्टकडे १-३.

२५ ऑक्टोबरला लिव्हरपूल आलं तेव्हा मी स्टेडियमला होतो. पाचव्या मिनिटाला आमच्या बाजूच्या टचलाइनवर कायोडेने टॉवेलने बॉल पुसला, दोन-तीन पावलं मागे गेला, आणि थ्रो असा की बॉल सरळ गोलपोस्टच्या तोंडाशी. आयरने डोक्याने पुढे ढकलला आणि वाटाराने हवेतल्या हवेत मारला. १-०. माझ्या बाजूचा म्हणाला, हा गोल मंगळवारी ट्रेनिंगलाच झाला होता. शेवटी ३-२ जिंकलो. मँचेस्टर युनायटेडला सप्टेंबरात ३-१ हरवलं होतंच. तेव्हा कळतं की सेट-पीसवाल्याला का घेतलं. ब्रेंटफर्डसारख्या कमी पैशाच्या क्लबला जिथून गोल स्वस्तात मिळतात तिथला माणूस त्यांनी मुख्य केला, आणि ड्रेसिंग रूमला, डेटावाल्यांना, डायरेक्टर फिल जाइल्सला तो आधीपासून माहीत होता. त्याला काही समजावून सांगायची गरजच नव्हती.

---

कोल्हापुरी_लेफ्टबॅक

हाउन्स्लोकर भावा, लई भारी लिहिलंस. खुर्चीचा आकार हा शब्द पटला, कारण आमच्याकडं नेमकं त्यावरच घोडं अडतं.

कोल्हापूरचा फुटबॉल माहीत असेलच सगळ्यांना. तालमींचे संघ, पेठांची ईर्षा, शाहू स्टेडियमला डर्बी असली की दुपारी दोनपासून लोक जागा धरून बसतात. मी एका संघाकडून सात सीझन खेळलो, नाव घेत नाही कारण ती आपलीच माणसं आहेत. एका वर्षी कमिटीने हौसेनं बाहेरून शिकलेला कोच आणला, लायसन्सवाला. चांगला माणूस होता. पहिल्या आठवड्यात त्याने आम्हाला गोलकीपरपासून बॉल खेळायला शिकवलं, मी लेफ्टबॅक, मला आत येऊन मिडफिल्डरसारखं उभं राहायला सांगितलं. मजा यायला लागली होती.

पण अकरा जणांची यादी मॅचच्या आदल्या रात्री तालमीच्या कट्ट्यावर ठरायची. तिथं तीन-चार जुनेजाणते बसायचे, त्यांना कोणी विरोध करत नाही, त्यांचा संघावर जीव आहे हे पण खरं. कोच सकाळी यायचा आणि त्याच्या हातात कागद दिला जायचा. त्यानं आठवडाभर ज्याला तयार केलं तो बाकावर आणि ज्यानं प्रॅक्टिसच केली नाही तो आत. तिसऱ्या मॅचला आम्ही मागून खेळताना बॉल गमावला, गोल खाल्ला, स्टँडमधून शिव्या. चौथ्या मॅचनंतर कोचला नमस्कार केला. निघताना तो मला म्हणाला, "मला इथं नक्की काय करायचं होतं तेच कुणी सांगितलं नाही." मला आजपण वाईट वाटतं. आम्ही नंतर आपसात बोललो की कोच चुकीचा होता. कोच चुकीचा नव्हता रे. त्याला कशासाठी आणला होता हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

---

लाल_पक्षी

कोल्हापूरकर, तुमचा किस्सा वाचून पोटात कालवलं. आणि गंमत बघा, हेच लिव्हरपूललाही झालंय, फक्त कट्ट्याच्या जागी कमिटी.

२०१२ ला रॉजर्सला मॅनेजर म्हणून आणलं तेव्हा मालकांना वर स्पोर्टिंग डायरेक्टर बसवायचा होता. रॉजर्सने स्पष्ट सांगितलं मी तशा माणसाच्या हाताखाली काम करणार नाही. मालकांनी मध्यममार्ग काढला, ट्रान्सफर कमिटी. म्हणजे कोणाचाच निर्णय पूर्ण नाही. २०१५ च्या उन्हाळ्यात त्याचा कळस झाला, बेंटेके घेतला रॉजर्सला हवा म्हणून आणि फिर्मिनो घेतला डेटावाल्यांना हवा म्हणून. एकाच क्लबने एकाच वेळी दोन वेगळ्या संघांसाठी दोन स्ट्रायकर घेतले. ऑक्टोबरात रॉजर्स गेला. क्लॉप आला आणि फिर्मिनो त्याच्या संघाचा कणा झाला, बेंटेके वर्षभरात पॅलेसला.

क्लॉप निवडतानाची गोष्ट मला फार आवडते. डॉर्टमुंडमध्ये त्याचं शेवटचं वर्ष वाईट गेलं होतं, फेब्रुवारीत संघ तळाला, शेवटी सातवा. लोक म्हणत होते संपला हा. लिव्हरपूलच्या डेटावाल्या इयन ग्रॅहमने त्या सीझनच्या मॅचेस आपल्या मॉडेलमधून काढल्या आणि म्हणाला की हा संघ वाईट खेळलेला नाही, नशीब वाईट होतं. नंतर क्लॉपला भेटून त्याने माइन्झविरुद्ध ०-२ हरलेली मॅच काढली, म्हणाला तुम्ही ही जिंकायला हवी होती. क्लॉप खूश, विचारतो तू बघितलीस का ती मॅच? ग्रॅहमने मॅच बघितलीच नव्हती, फक्त आकडे.

पण या धाग्यासाठी खरं उदाहरण २०२४ चं आहे. २६ जानेवारीला क्लॉपने सांगितलं मी जाणार. माझ्यासारख्याच्या पायाखालची जमीन गेली. सगळ्यांना वाटलं उद्या नाव येईल, झाबी आलोन्सो, झाबी आलोन्सो चाललं होतं. क्लबने काय केलं? आधी मार्चमध्ये मायकल एडवर्ड्सला परत आणलं, मालकांच्या कंपनीत फुटबॉलचा सीईओ म्हणून. मग बोर्नमथहून रिचर्ड ह्यूजला स्पोर्टिंग डायरेक्टर. आणि मगच कोच. हा क्रम बघा. एडवर्ड्स २०२२ ला गेल्यानंतर वरची जागा विस्कटली होती, क्लॉपकडे बरंच काही आलं होतं, आणि तो क्लॉप होता म्हणून चाललं. तो जाताना जर त्याच मापाच्या रिकाम्या जागेसाठी माणूस शोधला असता तर दुसरा क्लॉप शोधावा लागला असता, आणि दुसरा क्लॉप नाहीये. त्यांनी जागा परत मूळ आकाराची केली आणि मग त्या जागेचा माणूस शोधला.

आलोन्सोने मार्चअखेर सांगितलं मी लेव्हरकुसेनलाच थांबतो. नाव राहिलं फायनूर्डच्या आर्ने स्लॉटचं. डच लीग २०२३ ला जिंकलेला, ४-३-३ च्या आसपास खेळणारा, वर दाबून खेळणारा, म्हणजे क्लॉपने बनवलेला संघ मोडावा लागणार नाही. आधी असलेल्या खेळाडूंना सुधारणारा म्हणून नाव. आणि पद हेड कोच, हे त्याने आनंदाने घेतलं, हॉलंडमध्ये तशीच पद्धत असते. क्लॉपने शेवटच्या दिवशी, १९ मे ला, माइक हातात घेऊन अख्ख्या ॲनफील्डकडून स्लॉटच्या नावाचं गाणं म्हणवून घेतलं. मी पहाटेपर्यंत जागा होतो त्या रात्री.

पहिल्या उन्हाळ्यात लगेच खेळायला म्हणून एकच खेळाडू घेतला, किएझा. मिडफिल्डला झुबिमेंडी हवा होता, तो नाही म्हणाला. स्लॉटने घरातलाच ग्रावेनबर्ख त्या जागी उभा केला. २७ एप्रिल २०२५, टॉटनम ५-१, चार मॅच बाकी असताना विसावं विजेतेपद.

आता प्रामाणिकपणे पुढचं पण लिहायला हवं. २०२५ चा उन्हाळा. आमचा फॉरवर्ड जोटा अपघातात गेला, ते दुःख शब्दात येत नाही आणि त्या ड्रेसिंग रूमवर काय गेलं असेल ते आपल्याला कळणार पण नाही. ट्रेंट माद्रिदला, दियाझ बायर्नला, आणि विर्ट्झ, इसाक, एकिटिके, फ्रिम्पाँग, केरकेझ आत. सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर १२ पैकी ९ मॅच हरलो. तोच कोच, तीच रचना. म्हणजे एकदा बसलेला माणूस कायम बसलेला राहतो असं नाही. त्याच्याभोवतीचे अर्धे लोक बदलले तर परत जुळवावं लागतं. आणि हे जुळवणं रचनेचं पण काम आहे, एकट्या कोचचं नाही, असं माझं मत.

---

पुणेरी_स्ट्रेटफर्ड

मी युनायटेडचा. वाचून हेवा वाटला, लपवत नाही.

फर्ग्युसन गेला २०१३ ला, २६ वर्षांनी. त्याच उन्हाळ्यात सीईओ डेव्हिड गिल पण गेला. म्हणजे ज्या दोन माणसांच्या डोक्यात क्लब कसा चालतो ते होतं ती दोन्ही डोकी एकाच वेळी दाराबाहेर. मोयेसला सहा वर्षांचं कंत्राट दिलं आणि त्याने एव्हर्टनहून स्वतःची माणसं आणली, फेलन, म्युलनस्टीन, स्टील हे सगळे जुने कोच गेले. ज्यांनी त्याला सांगितलं असतं की इथे मंगळवारी काय करतात, शनिवारी काय करतात, ते कोणी उरलंच नाही. एप्रिलमध्ये मोयेस पण गेला. मी त्याला तेव्हा खूप बोललो, आज वाटतं तो माणूस एका रिकाम्या वाड्यात एकटा राहायला गेला होता.

मग व्हान गाल, मूरिन्यो, सोल्शियार, टेन हाग. प्रत्येकाचा फुटबॉल वेगळा, प्रत्येकासाठी खरेदी वेगळी, आणि पुढच्याने आधीच्याचं सामान विकायचं.

आमोरिमचं सगळ्यात जास्त लागलं. २०२४ च्या नोव्हेंबरात सीझनच्या मध्यात आणला. तो तीन सेंटर बॅक आणि विंगबॅकवाला, हे अख्ख्या जगाला माहीत होतं, त्याने कधी लपवलं नाही. आणि संघ विंगर्सनी भरलेला. त्याला घ्यायचं तर संघ तसा करायची तयारी हवी, नाहीतर त्याला घ्यायचं नाही, मधला रस्ता नव्हताच. पंधरावे आलो. १५! बिलबाओ शहरात झालेली युरोपा फायनल टॉटनमकडून हरलो. आणि शेवट काय, २०२६ च्या ४ जानेवारीला लीड्सशी १-१ झाल्यावर तो म्हणाला की मी इथे मॅनेजर म्हणून आलोय, नुसता कोच म्हणून नाही. दुसऱ्या दिवशी काढला.

@नवखा_प्रेक्षक, तुम्ही विचारलेला प्रश्न तो हाच. १४ महिने झाल्यावर दोन्ही बाजूंना कळलं की खुर्चीवर लिहिलेलं एक आणि बसलेल्याने वाचलेलं दुसरं. क्लबच्या कागदावर तो हेड कोचच होता. हे पहिल्या मुलाखतीत बोलायला नको होतं का?

---

नाशिकचा_गनर

सगळं पटतंय पण एक बाजू राहतेय. रचना रचना म्हणताय, आर्टेटाचं काय? आर्सेनलला तो २०१९ च्या डिसेंबरात हेड कोच म्हणूनच आला. काम बघून क्लबने २०२० च्या सप्टेंबरात त्याचं पद मॅनेजर केलं, अधिकार वाढवले. पहिल्या दोन पूर्ण सीझनला आठवे आणि पाचवे, लोक काढा म्हणत होते. आज क्लबची शिस्त, खरेदी, अगदी स्टेडियमचं वातावरण यावर त्याचा हात दिसतो. म्हणजे कधी कधी माणूसच रचना बनवतो. क्लॉपनेही बनवलीच की.

---

लाल_पक्षी

@गनर, बरोबर आहे, पण आर्टेटाबरोबर एडू होता ना, टेक्निकल डायरेक्टर. दोघांनी मिळून केलं. आणि खुर्ची मोठी करायची हा निर्णय क्लबने उघडपणे, माणूस बघून घेतला. आमोरिमच्या बाबतीत ते दोघांच्या मनात वेगवेगळं राहिलं. माझा आक्षेप मोठ्या खुर्चीला नाहीये, न बोललेल्या खुर्चीला आहे.

---

नाशिकचा_गनर

हे मान्य.

---

हाउन्स्लोकर

यात ब्रायटनचं एक घालतो. २०२२ च्या ८ सप्टेंबरला चेल्सीने त्यांचा कोच पॉटर नेला, सोबत त्याचे कोच पण. ब्रायटनने दोन कोटी पौंडांच्या वर भरपाई घेतली आणि दहा दिवसांत डी झर्बी हजर. मालक टोनी ब्लूमकडे पुढच्या माणसांची यादी कायम तयार असते, कोच आनंदात असताना पण. डी झर्बीची पहिली मॅच ॲनफील्डला, ट्रोसार्डची हॅटट्रिक, ३-३. सीझनअखेर सहावे आणि इतिहासात पहिल्यांदा युरोपात. आणि पॉटर? चेल्सीत सात महिने पण नाही. तिथे नवीन मालकांनी ग्रानोव्हस्काया, चेक अशी जुनी माणसं काढलेली, जुनी रचना गेलेली आणि नवीन उभी राहिलेली नाही. तोच पॉटर, ब्रायटनमध्ये हुशार आणि लंडनमध्ये नालायक? असं नसतं हो.

---

मडगावकर

उशिरा आलो धाग्यावर. लोबेराच्या आधीच्या क्लबाबद्दल आमच्या गोंयकारांकडून ऐका.

२०२० च्या ३१ जानेवारीला एफसी गोवाने लोबेराला काढलं तेव्हा आम्ही टेबलमध्ये वर होतो. फातोर्ड्याला लोक सुन्न. पण क्लबने क्लिफर्ड मिरांडाला बसवलं, आपलाच पोर, इथल्याच मैदानांवर वाढलेला, आणि टेक्निकल डायरेक्टर डेरिक परेरा पाठीशी. तीन आठवड्यांत जमशेदपूरला ५-० आणि शील्ड आमची. संघ तसाच खेळत राहिला कारण तसं खेळायचं हे क्लबचं होतं, पहिला कोच झिकोच्या वेळेपासून गोव्याला बॉल पायात ठेवून खेळणारा संघच आवडतो, नुसता जिंकणारा चालत नाही.

मग फेरान्दो आणला, त्याच पठडीतला. २०२१ च्या आशियाई चॅम्पियन्स लीगला अल रय्यान आलेली फातोर्ड्याला, त्यांचा कोच लॉराँ ब्लाँ, वर्ल्ड कप जिंकलेला माणूस. ०-०. आमची पोरं त्यांच्या तोंडावर पास खेळत होती आणि कोविडमुळे स्टेडियम रिकामं, टीव्हीवर फक्त खेळाडूंचे आवाज ऐकू येत होते. तो आवाज अजून कानात आहे.

आणि त्याच डिसेंबरात मोहन बागानने रिलीज क्लॉज भरून फेरान्दोला नेला, सीझन चालू असताना. त्या वेळी आमच्याकडे ब्रायटनसारखी यादी तयार नव्हती असं मला वाटतं. डेरिकसरांनी संघ हातात घेतला, धावून आले, पण सीझनअखेर नववे. तेव्हा घरचा माणूस मदतीला असणं एक आणि पुढचा कोच आधीच हेरून ठेवलेला असणं दुसरं, दोन्ही लागतं.

मुंबईवाल्यांनो, तुमच्याकडे लोबेरा, बकिंगहॅम, क्रॅटकी आले ती यादी मँचेस्टरच्या कपाटात होती. कपाट त्यांच्याबरोबर गेलं. आता स्वतःचं करा.

---

अंधेरी_वेस्ट_स्टँड

मडगावकर, शेवटचं वाक्य काळजाला लागलं, पण खरं आहे.

सगळ्यांचं वाचून माझ्या डोक्यात आता जरा स्पष्ट झालंय. आम्ही चाहत्यांनी क्लबला नाव विचारायचं नाही, अमुक कोच आणा तमुक कोच आणा असं. विचारायचं ते हे की खेळाडू घेण्याचा शेवटचा शब्द कोणाचा, कोच गेला तर स्टाफपैकी कोण थांबणार, आणि मागून बॉल खेळणं हे आपलं ठरलेलं आहे की ते फक्त सिटी ग्रुपचं होतं. शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपल्या अकॅडमीतली पोरं कशी खेळतात ते त्यावर ठरणार, छांगटे-बिपिनसारखे पुढे कोण येणार ते त्यावर ठरणार. ते जर ठरलेलं असेल तर कोच भारतीय असो, झेक असो, मला चालेल. क्लिफर्ड मिरांडासारख्या माणसाला कायमचा हेड कोच व्हायला २०२५ ला चेन्नईयिनने घेईपर्यंत का थांबावं लागलं हा पण प्रश्न आहे, त्यावर वेगळा धागा काढतो.

@कोल्हापुरी_लेफ्टबॅक, तो कोच पुढे कुठे गेला?

---

कोल्हापुरी_लेफ्टबॅक

एका निवासी शाळेत पोरांना शिकवतो असं ऐकलं. दोन वर्षांपूर्वी शाहूला त्याची पोरं चौदा वर्षांखालच्या स्पर्धेला आलेली, मी बघायला गेलो होतो. गोलकीपर मागून खेळत होता आणि लेफ्टबॅक आत येऊन उभा राहत होता. मी जाऊन भेटलो, ओळखलं त्याने.

आमची सीझनआधीची बैठक पुढच्या महिन्यात आहे. मी आता खेळत नाही पण कमिटीत घेतलंय मला. हा धागा वाचून ठरवलंय, एकच गोष्ट मांडणार, अकरा कोण लिहिणार ते आधी कागदावर घ्या, मग कोच शोधू. जुनी मंडळी चिडतील थोडी. पण त्यांनाच विचारणार की तुम्ही लिहिणार असाल तर तुम्हीच लिहा, मग कोचला पोरांच्या तब्येतीसाठी आणि सरावासाठी म्हणून सांगून आणू, निदान त्याला माहीत तरी असेल.

---

अंधेरी_वेस्ट_स्टँड

बैठकीत काय झालं ते इथेच कळवा, वाट बघतो.